गुडघ्याला गुडघा

(अभनपूर रस्त्यालगतचं घोडेस्वारांचं दगडी स्मारक. सकाळ. चबुतऱ्यापाशी एक सजवलेली घोडी उभी.)

पद्मजा : अन् फोन? फोन काहून बंद ठेवला रातभर?

इंद्रजीत : शेरवानीच्या खिशात होता. पडला असंल कुठंतरी. तुले कोणी सांगितलं मी इथं आहो म्हणून?

पद्मजा : घोडीवाल्या शंकरभैयानं. म्हणे, दीदी, तुमचा नवरदेव दिवस निघाल्यापासून स्मारकापाशी बसून आहे, अन् माझी घोडीबी काल सांजेपासून तिथून हलून नाही राहिली. तिले न्यायले टेम्पो पाहायले गेला तो. आता बोला. सारा मंडप तुमची वाट पाहत बसला होता. मुहूर्त टळला. बाबा म्हणून राहिले, पोट्टा वरातीतून पळाला.

इंद्रजीत : मी नाही पळालो, पद्मजा. घोडी उधळली.

पद्मजा : ते साऱ्यांनी पाहिलं. फटाक्यांची लड लागली, घोडी बिचकली, ठीक आहे. पण लग्नाचा लॉन तं हा काय, इथून दिसते. उतरून पायी आले असते.

इंद्रजीत : उतरताच नाही आलं मले.

पद्मजा : म्हणजे?

इंद्रजीत : घोडी इथं येऊन थांबली. एकदम सरळ, जसा कोणी हुकूम दिला. मी पाय काढायले गेलो तं निघेना. दोन्हीकडून दाबलेलो.

पद्मजा : कशानं?

इंद्रजीत : गुडघ्यानं. डाव्या बाजूले एक गुडघा, उजव्या बाजूले एक. भरलेल्या जीपगाडीत बसतो ना आपण, तसं. गरम. घोड्याच्या घामाचा वास, चामड्याचा वास. अन् पाहिलं तं कोणी नाही. धान कापलेलं शेत, अन् हा दगड.

पद्मजा : घेतली होती का तुम्ही? खरं सांगा. दोस्तांनी पाजली असंल.

इंद्रजीत : आईची शपथ. पाणीसुद्धा पेलो नव्हतो दुपारपासून.

पद्मजा : मग भास झाला असंल.

इंद्रजीत : दगडावर काय कोरलं आहे?

पद्मजा : माहीत आहे मले. घोडेस्वार, गुडघ्याला गुडघा लावून, एका रांगेत. इथं लढाई झाली अन् पूर्ण रिसाला कामी आला, एकही स्वार वापस नाही गेला. शाळेची सहल आली होती आमची. चबुतऱ्यावर बसून डबे खाल्ले होते आम्ही.

इंद्रजीत : त्या रांगेत होतो मी. डावीकडचा बोललाही.

पद्मजा : काय बोलला?

इंद्रजीत : हळूच. आपल्यासारखंच, आपल्या बोलीत. उतरू नको गा, म्हणे. तू उतरला तं जागा रिकामी पडते.

पद्मजा : काटा आला ना अंगावर. मग?

इंद्रजीत : मग काय. बसून राहिलो. भेव वाटत होतं, पण कसं सांगू, बरंही वाटत होतं. सारे मिळून कशाची तरी वाट पाहून राहिले होते. अंधार पडता पडता एकदम सारे पुढं निघाले. घोडीही निघाली. मी लगाम ओढला, जीव खाऊन ओढला. घोडी माणसासारखी ओरडली. गुडघे सुटले. दोन्हीकडं गार पडलं एकदम.

पद्मजा : तेव्हा तरी मंडपात यायचं!

इंद्रजीत : शंकर नगरले आमच्या घरी गेलो. कसा गेलो, आठवत नाही. आई घरीच होती, तिनं दार लावून घेतलं, कोणाले सांगितलं नाही. पण झोप नाही आली. सारखं वाटे, ते गेले अन् माझ्या जागी कोणी नाही. फटफटलं तसा निघालो.

पद्मजा : अन् माझी जागा? मेंदी उतरली नाही माझ्या हाताची. बाबांनी भटजींच्या पाया पडून आज सांजेचा मुहूर्त मागून घेतला. सांजेले तुम्ही कुठं राहाल? मंडपात का इथं?

इंद्रजीत : मले नाही सांगता येत.

पद्मजा : नाही सांगता येत? बरं. धरा ही चप्पल.

इंद्रजीत : काय करून राहिली तू?

पद्मजा : घोडीवर बसून पाहते. हात द्या इकडं.

इंद्रजीत : नको, पद्मजा. तुले गळ्याची आण.

पद्मजा : बसली. हे पाहा. काहीच नाही. घोडी थरथरून राहिली तेवढी.

इंद्रजीत : झालं ना मग? उतर.

पद्मजा : थांबा.

इंद्रजीत : काय झालं?

पद्मजा : बोलू नका. ऐकू द्या मले.

इंद्रजीत : पद्मजा? इकडं पाह्य. माझ्याकडं पाह्य ना.

पद्मजा : हो. हो जी... नाही. नाही जी.

इंद्रजीत : कोणाशी बोलून राहिली?

पद्मजा : धरा मले. उतरते. हळू.

इंद्रजीत : बर्फासारखे पाय पडले तुझे. काय म्हणत होता तो?

पद्मजा : आधी चाला इथून. बाबांले मी सांगते, घोडी उधळली अन् तुम्हाले लागलं म्हणून. बाकी कोणाले काही सांगायचं नाही. मागं पाहू नका.

इंद्रजीत : टापा वाजून राहिल्या मागं.

पद्मजा : घोडी असंल. सुटली ती. चाला तुम्ही.

इंद्रजीत : एका घोडीच्या नाही वाटत.

पद्मजा : चाला म्हटलं ना.

इंद्रजीत : काय विचारलं त्यानं? सांग ना.

पद्मजा : विचारलं, खाली उभा आहे तो आमचा आहे का म्हणून.

इंद्रजीत : अन् तू?

पद्मजा : म्हटलं, नाही जी. माझा आहे.