एक जुलैवाले हमा रशीद

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरील वडीलधारी मंडळी आणि चहा आला का म्हणून मागे वळून बघणाऱ्या माझ्या कलादिझेकरांनो,

आज एक जुलै. कागदोपत्री ज्यांचा आज वाढदिवस, त्यांनी हात वर करा बघू! अगंबाई, अर्धं सभागृह! जुन्या राजवटीतल्या कारकुनांना आपल्या कुर्दी डोंगरातल्या जन्मतारखा विचारायचा कंटाळा. सरसकट एक जुलै लिहून मोकळे. आमचे हमा रशीदसाहेबही एक जुलैवालेच, म्हणून आज निवृत्त होताहेत.

ब्याण्णव साली आपलं सरकार आलं, आपल्या भाषेतलं जन्मनोंदीचं रजिस्टर आलं आणि त्यापुढे साहेब बसले. आई मला कडेवर घेऊन गेली. म्हणाली, "अहो, हिच्या वेळी सगळं गाव फौजेला भिऊन सरहद्दीकडे पळत होतं. तारीख कोण बघतो? टाका एक जुलै."

"आता आपल्या हाताने खोटं लिहायचं नाही, बाई. घर कधी सोडलं?"

"नवरोजनंतरच्या दुसऱ्या सोमवारी."

"बरोबर भाकरी किती होत्या?"

"तीस. सहा माणसं, रोज एकेक. शेवटची संपली त्या दिवशी ही झाली."

"म्हणजे एक एप्रिलला निघालात, भाकरी पुरली पाच दिवस. मग पाच एप्रिल!"

माझा वाढदिवस असा भाकऱ्यांतून निघाला. सांगा, कोणत्या देशात असा अधिकारी मिळेल?

हो, देश! दोन हजार सतरा साली स्वतंत्र देशासाठी आपण नटूनथटून मत देऊन आलो. देश काही मिळाला नाही. मी त्यांच्याच कचेरीत टेबलावर डोकं ठेवून रडत होते, तर साहेब म्हणतात, "शनो, ऊठ. देश येईल तेव्हा माणसांची यादी मागेल की नाही?"

त्यांना स्वतःची तारीख विचारली की म्हणायचे, "साक्षीदार आणा." साक्षीदार एकच, थोरली बहीण. ती दिली सरहद्दीपलीकडे, बुकानला. तीस वर्षांत येणंजाणं नाही. साहेब, ती पहिल्या रांगेत कोण बसलीय बघा! पीरोजआत्या, हात करा.

आत्या काल मला म्हणाल्या, "दिवसरात्र सारखे झाले की आमच्यात अक्रोड झोडपायला घेतात. तिसरा दिवस होता. अक्रोडाच्या सालीने काळ्या झालेल्या हातांनी याला उचललं, दुपटं डागाळलं, आईने मला चांगलंच बदडलं!"

दिवसरात्र सारखे होतात तेवीस सप्टेंबरला, त्यापासून तिसरा दिवस म्हणजे पंचवीस सप्टेंबर. साहेब, आपण मत दिलं तीच तारीख. त्या दिवशी तुम्ही स्वतःच्या वाढदिवशी रांगेत उभे होता, आणि ठाऊक कुणालाच नव्हतं.

तारीख बदलायचा अर्ज मी भरलाय, आत्यांचा अंगठाही घेतलाय. स्वतःच्या नोंदीवर स्वतः सही करणार नाही म्हणाल, ठाऊक आहे मला. उद्यापासून ती खुर्ची माझी. पहिली सही याच नोंदीवर करीन.

सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर लेकीचं म्हणून पोटात घाला. तरीही तक्रार असेल, तर खिडकी सकाळी आठला उघडते. रांगेत साहेब पहिले.