सगळे गप्प, एकच थाळी

नमस्कार मंडळी. साटम वहिनी, तुम्हाला वेगळा नमस्कार.

मला सांगितलंय, कुसुमताई, दोन शब्द बोला. आता दोन शब्दांत मी आयुष्यात कधी थांबलेय का? त्यात साटम डॉक्टर समोर फोटोत हार घालून गप्प बसलेत. मी बोलतेय आणि ते मध्येच "पुरे हो" म्हणत नाहीत, याची मला सवय नाही. जरा सांभाळून घ्या.

आत्ता कोणीतरी म्हणालं, डॉक्टर मृदू स्वभावाचे होते, मितभाषी होते. कोणाबद्दल बोलत होते कोण जाणे. मी ओळखायचे ते साटम सरकारी दवाखान्यात गुराढोरांचे डॉक्टर होते, आणि माणसांशीही म्हशीशी बोलावं तसंच बोलायचे. "हं, सरक." "मान वर." आमचे हे एकदा चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी यांची पापणी खाली ओढली, पोटावर दोन चापट्या मारल्या आणि मला विचारलं, "खातोय ना नीट? रवंथ?" माझी हसून हसून पुरेवाट. यांनी मात्र डॉक्टरांशी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला होता.

तर, वालीवला एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये मी कुत्र्यांचा आसरा चालवायचे. टाकून दिलेली, गाडीखाली आलेली, म्हातारी. डॉक्टर दर रविवारी यायचे, हौसेने. आले की आधी जर्मनची थाळी घ्यायची, पळीने बडव बडव बडवायची, आणि मगच खायला घालायचं. मी म्हणायचे, "डॉक्टर, कानठळ्या बसतात." ते म्हणायचे, "कुसुमताई, उद्या आग लागली, पाणी आलं, तर ह्यांना एकेकाला नावाने हाका मारणार आहात का?" मला राग यायचा. मी सगळ्यांची नावं ठेवली होती हो. मोती, चंपी, राजा. एकही ओ देत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

आणि गोदी. गोदी पूर्ण आंधळी होती. ती फक्त थाळीच्या आवाजावर चालायची.

मग तो पूर आला. इथे बसलेल्या कोणालाच तो सांगायला नको. भर दुपारी शेडमध्ये पाणी शिरलं. फोन बंद. टेम्पोवाला "आलोच" म्हणाला होता, तो अजून यायचाय. मी एकाला धरायला जावं तर दुसरं पळायचं. शेजारचे देवाकाका ओरडत होते, "पोरी, पानी चढतंय, तू तरी नीघ!" मी कशी निघणार? ही सगळी माझ्या जिवावर तिथे होती. मी रडत होते. खोटं कशाला सांगू.

आणि पाण्यातून साटम डॉक्टर आले. कोणी बोलावलं नव्हतं. खिळ्यावरची थाळी काढली आणि बडवत चालू लागले. मागे वळून बघायचंही नाव नाही. आणि मंडळी, सगळी कुत्री त्यांच्या मागे. जिथे पाय टेकतील तिथे चालत, नाहीतर पोहत. मी दारात "मोती, मोती" करत उभी, आणि मोती माझ्या बाजूने असा गेला की जसं काही ओळखच नाही. रस्त्यात वालीवची सगळी भटकी कुत्री येऊन मिळाली, कारण उरलंसुरलं तीच खायची. देवाकाकांचा बोकडसुद्धा आला. त्याला कोणी थाळी शिकवली, देव जाणे.

वरात येऊन थांबली ती ह्याच सोसायटीच्या फाटकाशी. आपलीच जागा काय ती उंचावर. फाटकात चेअरमन सावंत. सावंत, मान खाली घालू नका, मी सांगणारच आहे. सावंत म्हणाले, "डॉक्टर, बोर्ड वाचा. पाळीव प्राण्यांना सक्त मनाई." डॉक्टर म्हणाले, "ह्यांना कोणी पाळलेलं नाही, म्हणून तर इथवर आलेत."

जुंपली. आता डॉक्टरांना भांडायला दोन्ही हात लागायचे. म्हणून त्यांनी थाळी काखेत मारली. मी मागे पाहिलं, तर गोदी नव्हती. ती सगळ्यात मागे होती. आवाज थांबला तशी ती वळली होती, थेट नाल्याच्या बाजूला.

मी किंचाळले. डॉक्टरांनी थाळी सावंतांच्या हातात कोंबली. "वाजवा. थांबलात तर ती बुडेल." आणि स्वतः पाण्यात शिरले. सावंत वाजवायला लागले. ते बघून वरच्या गॅलऱ्यांतून आपल्या बायका मदतीला धावल्या. कोणी ताट घेतलं, कोणी परात, कोणी देवघरातली घंटा. डावीकडून थाळी, उजवीकडून थाळी, वरून थाळी. आणि गोदी पाण्यात एका जागी गरागरा फिरतेय. हिकडे जाऊ की तिकडे.

छातीएवढ्या पाण्यातून डॉक्टर गरजले, "सगळे गप्प! एकच थाळी!"

आणि सोसायटी गप्प झाली. ही सोसायटी, बरं का. इथल्या मीटिंगमध्ये एका वेळी एकच माणूस बोललेला मी अजून पाहिला नाही. पावसाचा आवाज आणि सावंतांची थाळी. गोदीने कान टवकारले. तोंड वळवलं. डॉक्टरांना बाजूला टाकून सरळ पोहत आली, सावंतांच्या पायाशी उभी राहिली, त्यांच्या पांढऱ्या लेंग्यावर अंग झाडलं आणि खायला कुठेय म्हणून हुंगायला लागली. सावंतांनी वर तोंड करून हाक मारली, "अगो, पोळ्या टाक खाली!"

त्या रात्रीच नव्हे, पाणी ओसरेपर्यंत सगळी ह्याच हॉलमध्ये होती. बोकडासकट.

त्यानंतर डॉक्टरांनी ओळखीच्या सगळ्या गुरांच्या डॉक्टरांना कामाला लावलं. कळंबला पाणी शिरलं, चिंचोटीला ओढा फुगला, की हे लोक आपापल्या स्कूटरवर हजर. ते बघा, हॉलमध्ये मागे बसलेत. प्रत्येकाच्या डिकीत औषधं नसतील एखाद वेळी, थाळी असते.

परवा हॉस्पिटलात मी त्यांना भेटले. आवाज अगदी गेला होता. म्हणाले, "पाऊस जवळ आलाय. थाळी कोणाकडे?" म्हटलं, सावंतांकडे. म्हणाले, "आणि फाटकात कोणी अडवलं तर? सावंत भांडत बसतील. माझ्यासारखे." मी म्हटलं, "भांडायला मी आहे. सावंतांनी फक्त वाजवायची." तेव्हा हसले. म्हणाले, "मग ठीक आहे. पुरे हो आता."

मला फार आठवण येते त्यांची. बस, एवढंच.

आता उभं राहू या. त्या दिवशी आपण गप्प झालो ते एका जिवाला वाट सापडावी म्हणून. आज आपल्यालाच सापडत नाहीये, तर तसेच गप्प उभे राहू. कोणाच्या घरून घंटा नको, परात नको. थोड्या वेळाने, सावंत, तुम्ही थाळी वाजवा. बाहेर पायरीवर सकाळपासून काही मंडळी बसलीत, ती आत येतील.

कोणी हाड म्हणू नका.