परमिट दिलेल्या लाइनमध्ये वीज आल्याबाबत

दि. २२/०३/२०२५

मी, सौ. दीपमाला कृष्णात कोळेकर, वय ३१ वर्षे, व्यवसाय कंत्राटी यंत्रचालक (वीज उपकेंद्र), रा. शेंडगेवस्ती, ता. जत, जि. सांगली. आज पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून हजर राहून, विचारल्याप्रमाणे जबाब लिहून देते की,

मी वरील ठिकाणी सासू व दोन मुलांसह राहते. पती मेंढ्या घेऊन सध्या कर्नाटकात आहेत. मी सहा वर्षांपासून उपकेंद्रात पाळीने काम करते. लाइनमन काम करणार असेल तेव्हा त्या भागाची लाइन बंद करून त्यास लेखी परवानगी देणे हे माझे काम आहे. त्यास आम्ही परमिट म्हणतो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या भागातील खांबांवर लाइन चालू-बंद करणाऱ्या नवीन कंट्रोल पेट्या बसविल्या. त्याचे प्रशिक्षण आम्हाला सांगली येथे विश्रामबागला एक दिवस दिले. शिकविणारे साहेब म्हणाले, "जुन्या पेटीत कंपनीनं भरून दिलं तेवढंच चालायचं. ही मोबाईलसारखी आहे. कुणीही प्रोग्रॅम बनवू शकतो, आपण तो पेटीत टाकायचा." आमच्या पेट्यांत टाकलेला एक प्रोग्रॅम असा, की एका बाजूने लाइन गेली तर पेटी आपोआप शेजारच्या लाइनवरून वीज घेते. मी उभी राहून विचारले, "सर, लाइन बिघाडानं गेली का आम्ही परमिटसाठी बंद केली, हे त्याला कसं कळणार?" त्यांनी वहीत लिहून घेतले व पुढील सुधारणेत ते येईल असे सांगितले. नंतर आम्हाला जेवण दिले.

दि. १८/०३/२०२५ रोजी मी सकाळपाळीस होते. लाइनमन केरबा गुंडा हाके, वय ४६, हे सकाळी ११ वा. आले. बिरोबाच्या माळावर एका खांबावरचा इन्सुलेटर फुटला होता. त्या लाइनवर गावाच्या पिण्याच्या पाण्याची मोटर आहे. ते म्हणाले, "ताई, बंद करा. बायका घागरी घिऊन बसल्याती." मी ११.२० वा. लाइन बंद केली, बटनावर पाटी लावली व परमिटवर दोघांच्या सह्या झाल्या. ११.३५ वा. त्यांनी खांबाजवळून फोन करून खात्री केली. मी बंद असल्याचे सांगितले. तेव्हा ती बंद होती.

११.४२ वा. स्क्रीनवर सदर लाइन हिरव्याची लाल झाली. लाल म्हणजे चालू. माझे बटन बंदच होते. वीज पलीकडच्या उपकेंद्राकडून आली होती. मी केरबाअण्णांना फोन लावला, तो वाजत राहिला. मी स्क्रीनवरून दोन्ही लाइन जोडणारे पेटीतील स्विच बंद करू लागले. तिथे अक्षरे आली, की हे उपकरण दुसऱ्या प्रोग्रॅमच्या ताब्यात आहे, कृपया थांबा. मी पुन्हा दाबले. किती वेळा ते सांगता येणार नाही. मग पलीकडच्या उपकेंद्रातील दादासो गडदे यांना फोन करून ओरडले. त्यांनी तिकडून लाइन पाडली, म्हणजे बंद केली. तेव्हा ११.४६ झाले होते.

खांबाखाली सोबतचे लाइनमन नानासो होते. त्यांनी मला सांगितले, की अण्णा तार जमिनीशी जोडण्याची अर्थिंगची दांडी दोरीने वर ओढून घेत होते. ती तारेला अडकविण्याआधीच कोपर तारेजवळ गेले. पट्टा असल्याने ते खाली पडले नाहीत, वरच लोंबकळत राहिले. लाइन पडेपर्यंत नानासोंना वर जाता आले नाही.

केरबाअण्णांचा उजवा हात सांगलीच्या दवाखान्यात खांद्यापासून काढला आहे. दि. १९ रोजी मी भेटण्यास गेले. ते शुद्धीवर होते. म्हणाले, "ताई, तुमी बंद केलं व्हतं न्हवं?" मी होय म्हणाले. "मग चालू कुनी केलं?" मी उठून निघाले. त्यांच्या पत्नी राहीबाई माझ्यामागे जिन्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, "आमी भांडायला न्हाई जात कुनाशी. नाव तेवढं सांगा, बाई. घरात इचारत्याती सगळी."

ते नाव विचारण्यासाठी मी दि. २० रोजी कार्यालयात गेले. पेटी बनविणाऱ्या कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, की पेटी बरोबर चालली, प्रोग्रॅम आमचा नाही. प्रोग्रॅमवाले पुण्याचे आहेत. ते म्हणाले, की प्रोग्रॅमने लाइन गेलेली पाहिली व शेजारच्या लाइनवरचा भार कमी होताच चालू केली, त्याचे काम तेच आहे, नियम तुमच्या कार्यालयाने भरले. कार्यालयातील साहेब म्हणाले, की नियम पेटीसोबतच आले होते. कोणीही माझ्याशी वाईट बोलले नाही.

नंतर साहेबांनी नोंदीचा कागद दाखविला. त्यावर वेळ ११.४२, स्विच चालू, आणि पुढे माझे नाव होते. मी ते स्विच चालू केलेले नाही. विचारले असता कळले, की प्रोग्रॅमला स्वतःचे नाव नसते. त्या वेळी ज्याचे लॉगिन उघडे असेल त्याच्या नावाने नोंद पडते. हे तोंडी सांगितले. लेखी मागितले असता वरून मंजुरी लागेल असे सांगितले.

सदरचा प्रोग्रॅम आजही चालू आहे. तो बंद करण्याची सोय माझ्या लॉगिनला नाही. काल मी दोन परमिटे दिली. दोन्ही वेळा काम संपेपर्यंत स्क्रीनसमोर उभी होते. उभे राहून काही उपयोग नाही, हे मला माहीत आहे.

तो नोंदीचा कागद कोणीतरी राहीबाईंना मोबाईलवर पाठविला आहे. तेव्हापासून त्या माझा फोन उचलत नाहीत.

माझा हा जबाब मराठीत टंकलिखित करून मला वाचून दाखविण्यात आला. मी सांगितले तेच त्यात आहे, जास्त नाही. खाली सही करते.

(सही)
दीपमाला कृष्णात कोळेकर