खिडकीकडची बाजू

कॅनडात एडमंटनच्या एलआरटी ट्रेनमध्ये माझ्या मागच्या सीटवर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाहेर बर्फ पडत होता आणि दोघं अगदी निवांत मराठीत बोलत होती.

"उल्का, नव्या खिडक्यांच्या खर्चावरचं सरकारी रिबेट मंजूर झालं. आत्ताच मेल आलाय."

"बरं झालं. काल रात्री तुम्ही स्वेटर न घालता झोपलात, बघितलं मी."

"नव्या खिडक्यांना तीन काचा आहेत ना. उकडत होतं मला."

"आणि जुन्या खिडकीतून?"

"थोडा वारा यायचा."

"थोडा? विंटरभर स्वेटर आणि कानटोपी घालून झोपायचात."

"सवय होती."

"मला सांगायचात, 'पडल्या पडल्या बर्फ बघायला आवडतो, म्हणून पलंगाची खिडकीकडची बाजू माझी.'"

"आवडतोच मुळी."

"चष्मा काढून?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"आजपासून खिडकीकडे मी झोपणार."

"कशाला? इतकी वर्षं भिंतीकडे झोपतेस की."

"इतकी वर्षं तुम्ही बर्फ बघितलात. आता मला बघू द्या."

"बरं. पण चष्मा लावून झोप."