कमरेखालची भूमिका

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या नाट्यगृहात डेल्फिन केवळ एसीच्या गारव्यासाठी रांगेत उभा होता. पुढे दोघी बहिणी होत्या; त्यांचं बोलणं त्याच्या कानावर पडत होतं. लेकीला थोरलीकडे सोडून मिलानला घरकामाला गेलेली नेनिता कैक वर्षांनी परतली होती.

“ताई, माझी लुनिंग काय गाते गं?”

“गात नाही. ती मनानंगाल राक्षसिणीचं कमरेखालचं अंग झालीय. वरचं अंग तुटून परदेशी उडतं, गोऱ्यांची भांडी घासत गातं.”

“आणि ही?”

“उभी राहते. शेवटी स्पॅनिश पाद्री मीठ देतो. तिनं ते अंगावर ओतून घेतलं, की वरचं पुन्हा जुळत नाही.”

“घेते ओतून?”

“नव्या पद्धतीचा ऑपेरा आहे बाई. रोज तीच ठरवते.”

“मी येणार, सांगितलंस?”

“सांगितलं. घरातलं मीठ घेऊन गेली.”

“चिमूटभर?”

“बरणीच.”

“बरं. रांग सरकली ताई, चल.”