परत आलेला मध

येरुशलेममध्ये देवाचा निरोप सांगणाऱ्या संदेष्ट्याच्या दाराशी रांग होती. म्हाताऱ्या उज्जीच्या पुढे अझूबा उभी होती. तेवढ्यात तिची शेजारीण हमूताल संदेष्ट्याला भेट म्हणून नेलेलं मधाचं मडकं तसंच घेऊन बाहेर आली.

“काय म्हणाला गं? येईल ना तुझा पोरगा लढाईतून?”

“मध घेतला नाही त्यानं.”

“कमी वाटला असेल!”

“बोललाच नाही, अझूबा. मयताच्या घरी बसतात तसा ओठांवर कापड घेऊन बसलाय.”

“बरंच झालं की! एरवी मेला ‘देव झोडपेल, देव जाळेल’ म्हणून ओरडतो.”

“तेच मागितलं गं मी. म्हटलं, देवाचा एखादा शाप तरी सांग.”

“मग?”

“वर बोट केलं आणि नुसता हात हलवला. वरूनच काही येत नाही.”

अझूबा मागे वळली.

“आजोबा, तुमचाही नातू तिकडेच ना? तुम्ही व्हा पुढे.”

“नको, बाई,” उज्जी म्हणाला. “तू आधी आलीस.”