डावीकडची काच

मास्तर: डावीकडे. अजून डावीकडे. तुझं डावं नाही गं, माझं डावं.

बायको: मी बाहेर उभी, तुम्ही गाडीत बसलेले. जन्मभर शिकाऊ पोरांना डावं-उजवं शिकवलंत, आता मला शिकवू नका. बोट टेकवून दाखवा.

मास्तर: हे बघ. इथं. पांढरा ठिपका.

बायको: तो मघाशीच गेला. हा त्याच्या शेजारचा असेल.

मास्तर: शेजारचा असो नाहीतर पाजारचा. घास जरा जोर लावून.

बायको: घासायचं नाहीच मुळी. घासून निघत असतं तर गेल्या आठवड्यात तुम्ही साबणाची पावडर घेऊन काचेशी कुस्ती खेळलात, तेव्हाच निघालं असतं. हा काय चिखल आहे? पाण्यातला क्षार आहे. किटलीच्या बुडाला बसतो ना, तोच. त्याला भिजवावं लागतं. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, त्यात फडकं बुडवायचं, काचेवर चिकटवायचं आणि आपण गप्प बसायचं.

मास्तर: ते शेवटचं जमेल तुला?

बायको: मला जमतं. तुमच्याशी संसार केलाय, सवय आहे.

मास्तर: बरं बरं. दाराच्या रंगावर ओघळू देऊ नकोस.

बायको: खाली कोरडं फडकं लावलंय. आणि म्हणूनच गाडी सावलीत घ्यायला लावली. तापलेल्या काचेवर लावलं की जागच्या जागी वाळतं, मग डागावर डाग.

मास्तर: मुळात हे डाग आले कुठून? तू कुंड्यांना पाणी घालतेस त्या पाइपचे शिंतोडे आहेत.

बायको: वा! कुंड्या घराच्या मागे, गाडी घराच्या पुढे. माझं पाणी कौलांवरून उडी मारून येतं का? रोज सकाळी बोअरच्या पाण्यानं गाडीला अंघोळ कोण घालतं? आणि न पुसता उन्हात कोण वाळत ठेवतं?

मास्तर: गाडी स्वच्छ पाहिजे. गाडीवरून मास्तराची पारख होते.

बायको: ड्रायव्हिंगचा क्लास बंद करून जमाना झाला.

मास्तर: तरी चौकात अजून नमस्कार करतात. परवा त्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, मास्तर, तुमच्यामुळं उलटी गाडी घ्यायला शिकले.

बायको: त्या बाईंनी फाटकाचा खांब नाही घासला अजून.

मास्तर: आलीस तिथंच.

बायको: येणारच. डावीकडचा आरसा गेला, दाराला चरा पडला. रस्त्यावरचा खांब असता तरी समजू शकले असते. आपल्या फाटकाचा खांब. तुम्ही स्वतः गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून बांधून घेतलेला.

मास्तर: डाव्या काचेतून काही दिसतच नव्हतं! एवढे डाग. त्यावर उजेड पडला की सगळं पांढरं. मी काय करणार?

बायको: थांबायचं. पोरांना पहिल्या दिवशी काय सांगायचात? "दिसत नसेल तर थांबायचं. अंदाजानं वीतभरसुद्धा पुढं जायचं नाही."

मास्तर: माझेच नियम मला सांग आता.

बायको: नाचता येईना…

मास्तर: ती म्हण पुरी करू नकोस.

बायको: नाही करत. पण खरं सांगू? मला झोप नाही. सोमवारपासून थोरलीची कामावर सकाळची पाळी सुरू होतेय. चिमणीला शाळेत तुम्ही सोडणार. एकटे गेलात, खांब घासलात, आपण हसलो. मागच्या सीटवर नात असेल तेव्हा मी हसू शकणार नाही.

मास्तर: मला कळत नाही का? थोरलीनं दुसऱ्या कुणाला नाही विचारलं, मला विचारलं. बाबा, तुम्ही सोडाल का म्हणून. म्हणून तर बसलोय ना इथं गुडघा आखडून. काचा साफ झाल्या की विषय संपला.

बायको: संपला तर संपला. काचा साफ झाल्या आणि तुम्हाला लख्ख दिसलं, तर मी चकार शब्द काढणार नाही. खांबाचंही नाव घेणार नाही.

मास्तर: आणि कोटाचं?

बायको: दोरीवर वाळत टाकलेल्या कोटाला तुम्ही "या, बसा" म्हणालात, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मास्तर: ऊन तोंडावर होतं.

बायको: हं. ही बघा, उजवी झाली. फडकं काढलं, आता साध्या पाण्यानं धुते आणि लगेच कोरडी करते. दार उघडा, बाहेरून नख फिरवा. गुळगुळीत लागली तर साफ, खरखरीत लागली तर क्षार आहे. डोळा फसतो, नख फसत नाही.

मास्तर: गुळगुळीत आहे. मान गये. वर, रबराजवळ अजून खरखर लागतेय.

बायको: ती कड रबरात लपते. काच खाली घेतल्याशिवाय हाताला येत नाही. फिरवा हँडल… बास, चार बोटं पुरे. पुसली. घ्या वर.

मास्तर: आता डावी. मुख्य आरोपी.

बायको: तिच्यावर फडकं कधीच चिकटवून ठेवलंय. तुमचा फोन वाजतोय. थोरलीच असेल.

(मास्तर गाडीतून उतरून अंगणातल्या झाडाखाली जातात. बायको डावीकडे वळते.)

मास्तर: हां, बोल गं… सोमवारी ना? सातलाच हजर असेन… आरसा? त्याचं काय एवढं, नवीन बसवलाही. काचांवर डाग पडले होते. तुझी आई काढतेय… नाही, भांडत नाहीये, गप्प आहे… हो, अगदी नक्की सोडीन. दे तिच्याकडे… काय गं चिमणे? पुढं नाही, मागं बसायचं. पट्टा लावून… कारण आजोबा म्हणतात म्हणून… बरं, वळण आलं की कुठं वळायचं ते तू ओरडून सांगायचं, मी इंडिकेटर लावीन. ठरलं? ठेव आता.

बायको: काय म्हणतेय?

मास्तर: नाचतेय. दप्तर आजच भरून ठेवलंय म्हणे. झाली का काच? थांब, बसून बघतो. बसल्याजागी दिसतं ते खरं.

बायको: अहो, एक मिनिट, मला अजून—

मास्तर: ही कसली झालीय? तसंच आहे की सगळं!

बायको: कुठलं?

मास्तर: हेच. ही डावी काच. तू उभी आहेस तिथली. धुरकटच्या धुरकट. वरच्या कोपऱ्यात तर थर बसलाय. तुझं तोंड दुधातून बघितल्यासारखं दिसतंय.

बायको: नीट बघा.

मास्तर: नीटच बघतोय. व्हिनेगर पाणचट झालं असेल. परत लाव फडकं. आणि या वेळी जास्त वेळ ठेव… ऐकतेस ना?

बायको: नख फिरवून बघा.

मास्तर: नख कशाला? डोळ्यांना दिसतंय की समोर.

बायको: फिरवा हो. माझ्यासाठी.

मास्तर: बरं बाई. इथून हात पुरत नाही… सरकतो… हं. हे बघ आता, कसं खरखरीत… अगं, काच कुठंय?

बायको: खाली.

मास्तर: खाली म्हणजे?

बायको: दारात आहे. पूर्ण खाली. वरची कड पुसली, मग रबराची खाच पुसायला सगळी उतरवली होती. वर करणार तेवढ्यात तुम्ही येऊन बसलात.

मास्तर: मुद्दाम केलंस तू.

बायको: शप्पथ नाही. सुचलं असतं तर खांब घासायच्या आधीच केलं असतं. तुम्ही मला नसलेल्या काचेवर डाग दाखवायला लागलात, तेव्हा कुठं मला कळलं.

मास्तर: माझा हात बाहेर आहे.

बायको: हो. मी धरलाय.

मास्तर: ऊन समोरून येत असेल.

बायको: गाडी सावलीत आहे.

मास्तर: …उजवी काच तरी साफ झाली होती का?

बायको: झाली होती. तुम्ही नखानं बघितलीत, डोळ्यांनी नाही.

मास्तर: मला वाटत होतं, सगळ्या गावाच्या काचा घाण झाल्यात. दुकानांच्या, बसच्या. म्हटलं, लोक हल्ली काही पुसत कसे नाहीत.

बायको: सांगायचंत की.

मास्तर: काय सांगणार? डोळ्यांवर पडदा येतोय म्हणून? लायसन्सवरचा तरुणपणीचा फोटो अजून माझ्याकडे बघतो. लोक मास्तर म्हणतात ते या गाडीमुळं. ही गेली की मी नुसता एक म्हातारा.

बायको: गाडी कुठं जात नाहीये. आणि म्हातारे तर तुम्ही गाडीत बसूनही आहात.

मास्तर: हसवू नकोस. भीती वाटतेय मला.

बायको: मलाही वाटत होती. आत्ता जरा कमी झाली.

मास्तर: तुझी का कमी झाली?

बायको: आत्तापर्यंत काय आहे तेच कळत नव्हतं. आता डॉक्टरला दाखवता येईल. काचेला तरी व्हिनेगर लावून बसावं लागतं, डोळ्यांच्या ऑपरेशनला तर हल्ली लोक सकाळी जाऊन दुपारी घरी येतात.

मास्तर: आणि सोमवार?

बायको: थोरलीला आजच सांगू, दुसरं काहीतरी बघ.

मास्तर: दुसरं कशाला? मी शब्द दिलाय पोरीला. तुझं लायसन्स आहे ना?

बायको: आहे. बाजारात जाते की मी. तुम्हीच शिकवलंत, खिडकीतून आरडाओरडा करून.

मास्तर: मग चावी धर.

बायको: अहो, असू द्या आत्ता. संध्याकाळी बोलू.

मास्तर: आत्ताच धर. दिसत नसेल तर थांबायचं. संध्याकाळपर्यंत माझा विचार बदलेल.

बायको: दिली तर परत मागायची नाही हं. डॉक्टर म्हणेपर्यंत.

मास्तर: नाही मागत. पण मी शेजारी बसणार.

बायको: बसा. गप्प बसायचं.

मास्तर: ते शेवटचं मला जमणार नाही.

बायको: माहितीय मला. उतरा आता, मला तिकडे बसू द्या. फाटकातून एकदा बाहेर काढून बघते.

मास्तर: आधी ही काच वर कर. आणि खांब डाव्या हाताला आहे, लक्षात ठेव.

बायको: मला दिसतोय. चिमणीनं विचारलं, आजोबा आज या बाजूला का बसलेत, तर काय सांगू?

मास्तर: सांग, आजोबांच्या काचांवर डाग पडलेत. साफ करायला टाकायच्यात.

बायको: दोन्ही?

मास्तर: दोन्ही. पण एका वेळी एकच घेतात म्हणे. मी चौकशी केली होती.